हॉटेलातले आमचे कार्यालय

आमच्या आईला आम्ही चार महिने फसवीत होतो. रोज सकाळी आठ वाजता डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी सहाला परत यायचे. ती समजे, पोरगा कामावर गेला. पोरगा हॉटेलात बसलेला असे.

ही २०२० सालची गोष्ट. आम्ही तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत टाइम ऑफिसात कारकून होतो. एकवीस वर्षे लोकांची हजेरी मांडली, ओव्हरटाइमचे तास मोजले, प्रॉव्हिडंट फंडाची आणि ई.एस.आय.ची चलने भरली. लोकांना वाटे, हा कंपनीचा माणूस. खरे तर आम्हीही कंत्राटातलेच. एकवीस वर्षांत चार कंत्राटदार बदलले, खुर्ची मात्र तीच राहिली. टाळेबंदीनंतर कंपनी सुरू झाली ती निम्म्या माणसांवर. ऑगस्टमध्ये एके दिवशी बोलावून सांगितले, "सध्या काम नाही, लागेल तेव्हा फोन करू." तो फोन अजून आलेला नाही.

सौ.ला त्याच रात्री सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आईंना सांगू नका. त्यांची गोळी आताच वाढवलीय." आईचे वय तेव्हा बहात्तर. रक्तदाब होता, साखर होती. शिवाय ज्या बाईने उमेदीत डोक्यावर घमेली वाहिली, तिला पोराचे टेबलखुर्चीचे काम म्हणजे आपल्या सगळ्या कष्टांची पावती वाटे. ती पावती फाडून तिच्या हातात कशी द्यायची?

आणि घरात बसायचे म्हटले तरी बसणार कुठे? सरावलीत आमची खोली दहा बाय बाराची. मोरी आत, संडास बाहेर. मुलगी नववीत, मुलगा सहावीत, दोघांची शाळा मोबाइलवर. सौ.च्या मोबाइलवर एक तास मुलीचा, एक तास मुलाचा. मुलगी मोरीच्या उंबऱ्यावर बसून गणित ऐके, कारण रेंज तिथेच येई. आई खाटेवर. सौ. कुकरची शिट्टीसुद्धा तास संपल्यावर होऊ देई. नोकरी असताना ही खोली आम्हाला पुरत होती, कारण आम्ही तिच्यात फक्त झोपायला येत होतो.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. लोकल गाड्या सर्वसामान्यांना बंद, त्यामुळे वसई-विरारला जाऊन काम शोधायचे तर एस.टी.वर भिस्त. स्टेशनात बसू देत नसत. नवापूर रस्त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही कितीतरी दिवस बसून काढले. रिकामा माणूस एका जागी दिसला की येणारा-जाणारा विचारतो, "काय, इकडे कुठे?" एकदा आमच्याच खात्यातला ऑपरेटर भेटला. तोही डबा घेऊन निघाला होता. दोघांनी एकमेकांना काही विचारले नाही.

५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात हॉटेलात बसून खाण्याला परवानगी मिळाली, निम्म्या खुर्च्यांवर. आमच्या नाक्याजवळ एका अण्णांचे छोटे उडपी हॉटेल होते. चार टेबले. त्यांतल्या दोन टेबलांवर अण्णांनी खडूने फुल्या मारल्या होत्या. उरलेल्या दोहोंपैकी कोपऱ्यातले एक, बेसिनच्या बाजूचे, पाण्याच्या शिंतोड्यांमुळे कोणी घेत नसे. ते आम्ही घेतले. वर भिंतीला एक प्लगही होता. पिशवीतून कागद काढले, आठ रुपयांचा कटिंग मागवला आणि स्वतःचे नोकरीचे अर्ज लिहायला बसलो. कित्येक दिवसांनी पाठ टेकायला खुर्ची आणि कागद ठेवायला टेबल मिळाले होते. चहा गार झाला तरी आम्ही तो पुरवून पुरवून पीत होतो.

तिसऱ्या दिवशी अण्णा गल्ल्यावरून उठून आले. आम्हाला वाटले, आता उठवतात. ते म्हणाले, "भाऊ, बसा तुम्ही. पण साडेबाराला टेबल पाहिजे. अडीचनंतर परत या." त्यांचे म्हणणे रास्त होते. छोट्या हॉटेलाचा धंदा दुपारच्या दोन तासांत असतो. राइस प्लेट खाणारा माणूस वीस मिनिटांत उठतो. एक टेबल अडले की पाच-सहा ताटे गेली. त्यात निम्मी टेबले सरकारने बंद केलेली, पोरे गावाला निघून गेलेली, भाडे मात्र पूर्ण. त्या काळात एका चहावर तीन तास बसणारा माणूस म्हणजे अण्णांना घरात आलेला बिनभाड्याचा पाहुणाच. तेव्हा आम्ही आपला नियम ठरवून टाकला. तासाला एक कटिंग. साडेबाराला कोणी सांगायच्या आत उठायचे. मागच्या गल्लीत पिंपळाखाली डबा खायचा आणि अडीचला परत यायचे. बदल्यात अण्णांची उद्यम नोंदणी आणि खाद्य परवान्याचे नूतनीकरण आम्ही मोबाइलवर करून दिले. त्या दिवशी त्यांनी स्वतः कॉफी आणून ठेवली. "हिचे पैसे नाही," म्हणाले.

कॉफी! आमच्या घरात कॉफी म्हणजे ताप आल्यावर जायफळ उगाळून द्यायचे औषध. अण्णांची कॉफी पितळेच्या पेल्यात, वर फेस. ती पिताना आम्हाला आमच्या वडिलांची आठवण झाली.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. १९७२ च्या दुष्काळात परभणी जिल्ह्यातले गाव सुटले आणि दादा-आई बोईसरला आले. तेव्हा इथे कारखाने उभे राहत होते, हाताला काम होते. दादांनी पायाचे खड्डे खणले, आईने वाळू-सिमेंट वाहिले. पुढे दादा एका केमिकल कंपनीत हेल्पर झाले. पगाराच्या दिवशी आम्हाला हॉटेलातली भजी घेऊन देत. पण स्वतः आत बसत नसत. चहा बाहेर उभ्यानेच पीत आणि कप स्वतः धुऊन परत देत. पोऱ्या म्हणे, "काका, राहू द्या." तरी ते धूतच. गावच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, बाहेर खिळ्याला अडकवलेला. प्यायचा, धुवायचा, परत अडकवायचा. गाव सुटून तीस वर्षे झाली तरी हाताची सवय सुटली नाही. बाबासाहेबांनी संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली करून ठेवली, १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला, हे दादांना ठाऊक होते. १४ एप्रिलच्या सभेत ते सांगतही. आणि घरी येताना चहा प्यायला थांबले की बाहेरच उभे राहत. २००९ साली ते गेले. हॉटेलात मुलगा दिवसभर खुर्ची अडवून बसतो हे त्यांनी पाहिले असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. बहुधा म्हणाले असते, "कप तरी धुवून दे."

असो. आमच्या कार्यालयाचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे तोच ऑपरेटर, पायरीवर भेटलेला. त्याने प्रॉव्हिडंट फंडातून कोरोनाची उचल मागितली होती आणि अर्ज परत आला होता. मार्च २०२० मध्ये सरकारने सवलत दिली होती की, तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा खात्यातील ७५ टक्के रक्कम, यांत जे कमी असेल ते काढता येईल, परत भरावे लागणार नाही. सवलत चांगली, पण आधार कार्डावर त्याच्या वडिलांचे नाव धोंडिराम आणि फंडात धोंडू. आता धोंडू हाच धोंडिराम हे यंत्राला कोण सांगणार? कंत्राटदाराने सही दिली तर दुरुस्ती होते. हे सगळे आम्ही एकवीस वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून करीत आलो होतो. अण्णांच्या टेबलावर बसून केले, एवढाच फरक. पंधरा दिवसांनी त्याच्या खात्यात पैसे आले. तो पेढे घेऊन आला, आणि मागे आणखी चारजण घेऊन आला.

मग लोक येऊ लागले. पास्थळहून, कोलवड्याहून, सालवडहून. कोणाची नोकरी सोडल्याची तारीख कंत्राटदाराने भरलेली नाही, म्हणून पैसे अडकलेले. ती तारीख कामगाराला स्वतः भरण्याची सोय त्याच वर्षी जानेवारीत झाली होती, पण कोणाला पत्ता नव्हता. कोणाचा ई.एस.आय. कापला जात होता आणि काम गेलेले. अशांना अटल योजनेत ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळू लागला होता. पूर्वी तो पाव होता. मालकाच्या सहीवाचून अर्ज करता येत होता. त्या योजनेचा पहिला अर्ज आम्ही भरला तो स्वतःचा. आम्ही अर्जाचे वीस रुपये घेऊ लागलो. ज्याच्याकडे नसतील त्याने अण्णांकडे एक चहा घ्यावा, म्हणजे टेबलाचे भाडे फिटले. काही दिवस तर आमच्यामुळे अण्णांचा चहाच जास्त खपला.

अर्ज लिहिणाऱ्याला सगळ्यांची आडनावे कळतात. एका गृहस्थांना आमचे जाणून घ्यावेसे वाटले. आम्ही सांगितले. "अच्छा," म्हणाले, आणि थोडा वेळ थांबले. मग अर्ज भरून घेतला. गरज होती.

एक माणूस मात्र आमच्या मनातून जात नाही. यंत्रमागावर कामाला होता. तीन ठिकाणी नोकरी झालेली, तीन खाती. आम्ही ती जोडून वर्षे मोजली. नऊ वर्षे आणि दोन महिने भरले. फंडाच्या पेन्शनीचा नियम असा की, दहा वर्षे नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन, आणि मागे बायकोला. साडेनऊ भरली की दहा धरतात. दहाच्या आत असेल तर पेन्शनीचा हिस्सा एकरकमी काढता येतो, मग ती वर्षे पुसली जातात. आम्ही त्याला म्हणालो, "दादा, हा फॉर्म भरू नका. फंडाचे काढा, पेन्शनीचे ठेवा. फक्त चार महिने कुठेही काम करा, जन्माची सोय होईल." त्याने विचारले, "चार महिन्यांचे काम द्या ना तुम्ही." आम्ही काय देणार? खोलीचे सात महिन्यांचे भाडे थकले होते, मालकाने सामान बाहेर काढायची तारीख दिली होती. तो म्हणाला, "साहेब, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कुठे असेन ते राहू द्या. येत्या सोमवारी कुठे असेन ते बघा." आम्ही फॉर्म भरला. त्याचे वीस रुपये घेतले नाहीत, पण त्याने काय होते? सौ.ला रात्री सांगितले तर ती म्हणाली, "तुम्ही बरोबरच सांगितलंत आणि त्यानंही बरोबरच केलं." आम्हाला अजून तसे म्हणता येत नाही.

दुपारची दोन-तीन गिऱ्हाइकांमधली वेळ रिकामी जाई. त्या वेळात मोबाइलवर वाचीत असू. हॉटेलात बसून पोट भरणारे आम्ही पहिले नाही, हे तेव्हा कळले. इंग्लंडात सतराव्या शतकात लॉइड नावाच्या माणसाचे कॉफीघर होते. तिथे जहाजांचे मालक आणि व्यापारी बसत, जहाजांच्या विम्याचे सौदे करीत. त्या कॉफीच्या टेबलांतून आजचा लॉइड्स हा विम्याचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला. आपल्या मुंबईत इराण्याच्या हॉटेलात एका चहावर बसून किती बेकारांनी अर्ज लिहिले असतील आणि किती चळवळींची पत्रके लिहिली गेली असतील, त्याची गणती कोणी ठेवली नाही.

आमच्या मुलीने आणखी एक सांगितले. हॅरी पॉटरची पुस्तके लिहिणारी बाई एडिंबरोत सरकारी मदतीवर दिवस काढीत होती, पदरात लहान मुलगी, आणि ती कॅफेत बसून लिहीत असे. घरात शेकोटी पेटवायला पैसे नव्हते म्हणून ती कॅफेत जाई, असे लोक सांगतात. पण ते त्या बाईनेच खोडून काढले आहे. बाळ गाडीत फिरवले की झोपे, आणि ते झोपले की ती जवळच्या कॅफेत शिरे. हे आम्हाला पटले. बाहेर बसून काम करणाऱ्याचे कारण लोकांना वाटते तेवढे करुण नसते, साधे असते. घरात जागा नसते, नाहीतर बाळ झोपत नाही.

आणि कॉफीघरांची आपल्या देशातली गोष्ट तर वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावी अशी आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले. कॉफी खपावी म्हणून कॉफीवरील कराच्या पैशातून ही दुकाने काढली होती. पुढे ती देशभर पसरली. १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायचे ठरवले. वाढपी, स्वयंपाकी, सगळे रस्त्यावर येणार होते. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले की, ही दुकाने तुम्हीच चालवा. कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी दिल्लीलाही झाली. तीच पुढची इंडियन कॉफी हाऊस. ज्यांना काढून टाकायचे ठरले होते, ते त्याच टेबलांचे मालक झाले. आम्ही हे अण्णांना वाचून दाखवले. अण्णा म्हणाले, "चांगला आहे. पण त्यांना गाळ्याचा भाडा किती होता?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

बाबासाहेबांचीही आठवण येई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. सुभेदार रामजी पोराला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत, कारण त्या वेळी खोली शांत असे. आणि शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले. मॅट्रिक झाल्यावर सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पण तो मुलगा त्या बागेत का बसत होता, हे आम्हाला अण्णांच्या हॉटेलात बसल्यावर नीट उमगले. घरी बसायला जागा असती तर तो बागेत कशाला गेला असता?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. आम्ही एका अर्जात मान घालून बसलो होतो. दारात कोणी उभे राहिले म्हणून वर पाहिले तर आई. पदर डोक्यावर, एका हाताने दाराची चौकट धरलेली. तिच्या मागे आमच्याच चाळीतली एक बाई. तिचा नवरा महिन्यापूर्वी कामावर असतानाच वारला होता. दोन पोरे पाठीशी.

आम्हाला घाम फुटला. उठून उभे राहिलो. आई शांतपणे आत आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि त्या बाईला म्हणाली, "ह्योच. कागुद दे त्येच्याकडं."

आम्ही कसेबसे म्हणालो, "आई, मी सांगणार होतो..."

"काय सांगनार व्हतास? तीन म्हयनं झालं, तुज्या शर्टाला कंपनीचा वास येईना. मी धुते न्हवं का शर्ट?"

तारापूरच्या वसाहतीत जो काम करतो त्याच्या कपड्यांना एक वास असतो. केमिकलचा, कितीही धुवा, जात नाही. दादांच्या कपड्यांना तो तीस वर्षे होता. आमच्या कपड्यांना एकवीस वर्षे. तो गेला हे तिला पहिल्याच महिन्यात कळले होते. तिने सौ.लाही विचारले नाही. "सांगंल तवा सांगंल म्हनलं. तुला वाटत आसंल म्हातारी मरंल. मी काय दुष्काळात मेले न्हाई, आता मरती व्हय?"

अण्णा गल्ल्यावरून बघत होते. त्यांनी पोऱ्याला न सांगता स्वतः कॉफी आणली, आईच्या पुढ्यात ठेवली. आईने पेला दोन्ही हातांनी धरला, हुंगला. "जायफळ न्हाई घातलं," म्हणाली. पण सगळी प्यायली. खुर्चीवर बसून, टेबलावर. पेला तिने तसाच ठेवला. धुवायला उठली नाही.

त्या बाईचा कागद आम्ही पुढे घेतला. तिला फक्त फंडाची रक्कम ठाऊक होती. नोकरीत असताना माणूस गेला तर दहा वर्षांची अट नसते, एक महिना जरी वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते आणि दोन मुलांना त्यांच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळी. शिवाय फंडाबरोबर विम्याचीही रक्कम असते. कंत्राटदाराने तिला फंडाच्याच कागदावर अंगठा घ्यायला बोलावले होते. आम्ही तिन्हींचा एकत्रित अर्ज भरला. पुढचे सोपे नव्हते. मृत्यूचा दाखला, मुलांचे दाखले, लग्नानंतरच्या नावाचा घोळ, बँकेचे खाते. सात महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. रक्कम फार नाही. पण ती बाई दर महिन्याला पासबुक भरून आणते आणि आमच्या आईला दाखवते. आईला वाचता येत नाही. ती तरी बघते.

त्या दिवसापासून आम्ही डबा घरी ठेवू लागलो. साडेबाराला उठायचे, घरी जेवायचे, आणि अडीचला परत.

नोव्हेंबरच्या १६ तारखेला राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली होती. त्यामुळे वस्तीत कोणी कोणी म्हणू लागले की, आपला माणूस हॉटेलात बसून लोकांची कामे करतो, त्यापेक्षा विहारात टेबल टाकावे. मग विहाराच्या कमिटीची बैठक झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, विहारात पैशाचा व्यवहार नको. दुसरे म्हणाले, मग फुकट करावे. सौ. महिला मंडळातर्फे बसली होती. ती म्हणाली, "फुकट करतील, पण मग आमच्या घरी तांदूळ कोण आणून टाकणार?" कोणी बोलेना. दोन्ही बाजूंचे खरे होते. शेवटी ठरले की, दर रविवारी वंदनेनंतर दोन तास विहाराच्या ओट्यावर फुकट, आणि बाकीचे सहा दिवस अण्णांकडे. रविवारचे ते दोन तास अजून चालू आहेत. आता आमच्याबरोबर कॉलेजातली तीन मुलेही बसतात आणि त्यांची बोटे आमच्यापेक्षा जलद चालतात.

अण्णांचे हॉटेल मात्र राहिले नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, पुन्हा बसून खाणे बंद झाले, फक्त पार्सल. अण्णांनी महिनाभर ओढले. मे महिन्यात त्यांनी गाळा सोडला आणि गावी गेले. जाताना ते कोपऱ्यातले टेबल आम्हाला घेऊन जा म्हणाले. आम्ही म्हणालो, "अण्णा, ठेवायला जागा असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" दोघेही हसलो. त्या गाळ्यात आता मोबाइलचे दुकान आहे.

आम्हाला २०२२ साली पालघरला एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम मिळाले. शर्टाला आता कशाचाच वास येत नाही.

मुलगी बी.कॉम.ला आहे. परीक्षेच्या दिवसांत ती बोईसरला एका नव्या कॉफी शॉपमध्ये अभ्यासाला जाते, मैत्रिणींबरोबर. गेल्या महिन्यात ती आम्हाला आणि आजीला तिथे घेऊन गेली. काचेचे दार, आत गारवा. चारी बाजूंना तरुण पोरे लॅपटॉप उघडून बसलेली. कोणी कामावरचा, कोणी काम शोधणारा, बघून ओळखू येत नव्हते. कॉफीचा दर पाहून आम्ही गप्प बसलो. मुलीला हळूच विचारले, "एवढ्यावर किती वेळ बसू देतात?"

"कितीही, बाबा. कोणी उठवत नाही."

आईने इथेही कॉफी हुंगली आणि काही न बोलता प्यायली. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. साडेबारा वाजले तसे आम्ही पिशवी उचलून उभे राहिलो.

"काय झालं?" मुलगी म्हणाली. "बसा ना. इथं राइस प्लेट नसते."